अकरा ते एकची कडी

"दिवसाची कडी लावू नको गं दीपा. लोकांला वाटतंय, घरात काय तरी झालंय."

लक्ष्मीबाईंनी हे सांगितलं तेव्हा त्यांची सून दीपमाला हसली होती. "आई, प्रिया झोपते तेवढाच वेळ. अकरा ते एक." आणि तिनं कडी सरकवली होती.

सहा वर्षं जर्मनीत काढून ती, नवरा रणधीर आणि दीड वर्षाची शिवप्रिया दिवाळीनंतर गावी, मुरुमला परतले होते. तिकडे गरोदरपणात तिनं काय मागितलं होतं? कुणीतरी न सांगता दार वाजवावं, एवढंच. शेजारीण जिन्यात भेटली की हसायची आणि आपलं दार लावून घ्यायची. रणधीर कामावर गेला की संध्याकाळपर्यंत मराठी बोलायला फक्त पोटातलं बाळ. आणि आता इथं दार वाजलं की तिच्याच छातीत धस्स व्हायचं. बाळ उठेल, कुणीतरी काहीतरी भरवेल. लोक विचारल्याशिवाय थेट स्वयंपाकघरापर्यंत कसे येतात, हे जवळच्याच लोहाऱ्यात वाढलेल्या मुलीला कळेनासं झालं होतं.

सगळ्यात जास्त धास्ती मल्लम्माची. गल्लीच्या टोकाला एकटी राहणारी, सत्तरी ओलांडलेली बाई. रोज अकराला ताकासाठी तांब्या घेऊन यायची आणि रस्त्यातूनच ओरडायची, "कुटं हाय माजी अव्वा?" अव्वा म्हणजे कानडीत आई; बाळाला ती लाडानं तसंच म्हणायची. बाळ दचकून उठायचं.

शेवटी एकदा दीपमाला अगदी गोड आवाजात म्हणाली, "आजी, येण्याआधी एक फोन करत जा ना."

"करते की," मल्लम्मा म्हणाली आणि तांब्या पदराखाली धरून निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून अकराला कडी लागू लागली आणि घर शांत झालं. बाळ दोन-दोन तास झोपू लागलं. लक्ष्मीबाई मात्र अकराच्या आधी ताक घुसळून ठेवत आणि बंद दाराकडं बघत बसत.

नवव्या दिवशी समोरच्या म्हाळसाबाईंनी खिडकीशी येऊन विचारलं, "मल्लम्मा आत बसली का वो?"

"नाही. का?"

"आता गं बया! आमी समजून चाललोय, तुमच्यातच बसती म्हनून. रोज तांब्या घिऊन हिकडंच येताना दिसायची. दोन दिस झालं, तेबी न्हाय."

रोज. म्हणजे ती येत होती. बंद दार बघून परत जात होती.

दीपमालानं झोपलेलं बाळ तसंच खांद्यावर टाकलं आणि चप्पल न घालताच निघाली.

मल्लम्माचं दार नुसतं लोटलेलं होतं. बाजेवर गोधडीत तिचं मुटकुळं झालेलं. अंग चटका बसेल एवढं तापलेलं, आणि माठ कोरडा.

"आजी, अहो, निरोप तरी द्यायचा!"

"फोन लावता येत न्हाय गं मला. शेजारची मोनिका लावून देती, ती गेली म्हायेरी..." बोलता बोलता तिची नजर बाळावर गेली. तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं. "लांब धर अव्वाला. ताप हाय मला."

मागून लक्ष्मीबाई धापा टाकत आल्या. दीपमालानं बाळ त्यांच्याकडं दिलं, गाडी घेऊन ये म्हणून रणधीरला फोनवर सांगितलं आणि बाजेवर बसून मल्लम्माचं डोकं मांडीवर घेतलं. चमच्यानं पाणी पाजताना ओघळ गळ्याकडं उतरायचा. ती ओढणीनं टिपत राहिली.

"झोपमोड झाली व्हय गं लेकराची?" मल्लम्मानं हळूच विचारलं.

 दीपमालानं पुढचा चमचा भरला.

मल्लम्मा वाचली. तीन दिवस सलाईन लागलं, एवढंच. पण तुमच्याही ओळखीत असं कुणी असेल, जे रोज यायचं आणि हल्ली दिसत नाही. आपण समजून चालतो, दुसऱ्या कुणाकडं बसत असेल. आज जरा जाऊन बघून या. हाकेला ओ आली नाही तरी परत फिरू नका. आत जा.