स्क्रीन काळी असताना

भाऊबीजेच्या सकाळी छायाने वड्यांचं पीठ मळून झाकून ठेवलं, हात साबणाने धुतले आणि पुढच्या खोलीत जमिनीवर मदरबोर्डचा खोका उघडून बसली. कुंभिवलीच्या त्या घरात यावरून दोन दिवस कुरबुर चालली होती.

"आज सुमित येतोच आहे. त्याच्या हातून बसवून घे की," नवरा संतोष पेपरातून डोकं न काढता म्हणाला. "त्याचा धंदाच आहे तो."

"त्याचा धंदा कॅमेरे लावायचा आहे."

"आधी कंप्युटरच करायचा ना? अख्ख्या कर्जतला त्यानेच बनवून दिले."

छायाने लोखंडी कपाटाला तळहात टेकवला. अंगातली वीज उतरवायची ही जुनी सवय होती. मग तिने बोर्ड कडेने धरून बाहेर काढला. नवऱ्याला उत्तर दिलं नाही. लग्न झालं तेव्हा दिलं होतं, त्यानंतरही दिलं होतं. दर वेळी संतोष "हो, भावाला मदत करायचीस तू" म्हणायचा आणि विषय मिटायचा.

मदत नव्हती ती. कर्जतच्या बाजारात त्यांचं दुकान होतं, तेव्हा मशीन छाया बांधायची. तिनेच मुंबईला जाऊन कोर्स केला होता. सुमित गल्ल्यावर बसायचा. पण पोरीच्या हातात स्क्रूड्रायव्हर दिसला की गिऱ्हाईक विचारायचं, "पोरगा नाय का?" मग वडिलांनी गल्ल्याच्या मागे पडदा लावला. छाया पडद्याच्या आत बांधायची आणि सुमित तयार मशीन बाहेर आणून गिऱ्हाइकासमोर बटण दाबायचा. पतपेढी, शाळा, कळंबचं रिसॉर्ट, सगळ्यांनी ते बटण दाबणारा हातच पाहिला. कॅबिनेटच्या आतल्या वायरी लाल लोकरीने बांधलेल्या असत, कारण दुकानात प्लॅस्टिकच्या पट्ट्या नव्हत्या आणि छायाकडे विणकामाची लोकर होती. पण कॅबिनेट कोण उघडून बघतो?

लग्न होऊन ती इकडे आली आणि तिकडे मशीन बनायच्या थांबल्या. सुमितने लॅपटॉप विकले, मग कॅमेरे. गावात त्याचं नाव मात्र "कंप्युटरवाला" म्हणून राहिलं.

आता छाया लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करत होती. जुना लॅपटॉप हळदीच्या दोन मिनिटांच्या गाण्यावर अडकून बसायचा आणि तुळशीचं लग्न झालं की सीझन सुरू होणार होता. तयार मशीन विकत घेता आली असती. तिला ती घ्यायची नव्हती. आपल्या हाताने बांधायची होती आणि निदान या एका घरात तरी ती मशीन छायाने बांधली असं म्हटलं जायला हवं होतं. तिची मागणी तेवढीच होती, आणि तेवढ्यासाठी सणाच्या दिवशी भांडायची तिची तयारी होती.

बरंच बदललं होतं. रुंद पट्ट्यांच्या केबली गेल्या होत्या. हार्ड डिस्क कुठे बसवायची म्हणून ती कॅबिनेटमध्ये जागा शोधत राहिली आणि मग लक्षात आलं की डिस्क म्हणजे च्युइंगगमसारखी एक पट्टी आहे, ती थेट बोर्डावरच स्क्रूने बसते. पूर्वी प्रोसेसरच्या पोटाला टाचण्या असायच्या. आता प्रोसेसर गुळगुळीत होता आणि केसासारख्या बारीक टाचण्या बोर्डावरच्या सॉकेटमध्ये होत्या. तिने श्वास रोखून प्रोसेसर वर ठेवला, दाबला नाही, फक्त ठेवला, आणि कडी लावली. माहितीपुस्तिका तिने आदल्या दिवशीच वाचली होती. त्यात जाड अक्षरात होतं: पहिल्यांदा चालू करताना मशीन रॅम ओळखून घेते. तोवर स्क्रीन काळी राहील. काही मिनिटं लागतील. बंद करू नये.

शेवटची वायर लाल लोकरीने बांधत होती तेवढ्यात सुमित आला. हातात मिठाई, कानाला फोन.

"काय गं ताई, वडे तळायचे सोडून वेल्डिंग?"

"वडेही होतील. बस."

"दाजी, तुम्ही बघत बसलात? शॉक लागेल की तिला."

"ऐकते कुणाचं?" संतोष हसला.

सासू चंद्रभागाबाईंनी पाट मांडून भोवती रांगोळी काढली होती. सुमित त्यावर बसला. छायाने बटण दाबलं. पंखे फिरायला लागले, आत निळा दिवा लागला. स्क्रीन काळी.

"डिस्प्ले नाही," सुमित लगेच म्हणाला.

"येईल. नव्या बोर्डांना वेळ लागतो. कितीही वेळ काळी दिसली तरी हात लावायचा नाही. ऐकलंस?"

"हो गं बाई."

"अहो, तुम्हीपण ऐकलंत?"

"ऐकलं," संतोष म्हणाला.

ती आत गेली. चंद्रभागाबाईंनी ताट तयार ठेवलं होतं, कुंकू, अक्षता, सुपारी, अंगठी, निरांजन. छायाने तेल तापवलं आणि पहिला वडा सोडला. बाहेर सुमितचा फोन वाजला. त्याला फोन स्पीकरवर ठेवून बोलायची सवय होती.

"सुमितशेठ, मी श्रीपत, कळंबवरनं. अरे, रिसॉर्टच्या रिसेप्शनची ती जुनी मशीन गेली रं. वीस वर्षं चालली म्हण."

"चालणारच! मी बांधलेली मशीन ती, शेठ."

"तशीच एक बांधून दे मग. कंपनीची नको, त्या दोन वर्षांत मरतात."

"देतो की. आत्तासुद्धा तेच करतोय. बहिणीकडे आलोय, तिचीच बांधतोय."

छायाचा झारा तेलावर तसाच राहिला. वडा एका बाजूने काळा पडला.

"काय गं?" चंद्रभागाबाईंनी विचारलं.

"ऐकलंत तुम्ही?"

"म्हणू दे गं. बोलायची पद्धत असती बाप्यांची."

छायाने तो वडा काढून बाजूला टाकला. दुसरा सोडला. तोही बिघडला. आणि मग तिच्या लक्षात आलं, बाहेरचा पंख्यांचा आवाज मघाशीच थांबला होता.

तिने गॅस बंद केला आणि बाहेर आली.

कॅबिनेटची काच पलंगावर पडली होती. प्रोसेसरवरचा कूलर उपटून पाटाशेजारी ठेवला होता. सुमितने प्रोसेसर दोन बोटांत धरला होता आणि तो रुमालाने पुसत होता. स्क्रूड्रायव्हर उघड्या सॉकेटमध्ये आडवा पडला होता.

"बंद का केलीस?"

"डिस्प्ले येतच नव्हता. प्रोसेसर काढून पुसून परत बसवला की येतो. विसरलीस? तूच तर करायचीस असं."

तो बोलून गेला आणि त्याचा पुसणारा हात थांबला.

"परत बोल," छाया म्हणाली.

"काय?"

"आत्ता बोललास ते. ह्यांच्याकडे बघून बोल. कोण करायचं?"

"ताई, सण आहे आज."

छाया खाली बसली. स्क्रूड्रायव्हर दोन बोटांनी सरळ वर उचलला, मोबाईलचा कॅमेरा मोठा करून सॉकेटवर धरला. एका कोपऱ्यातल्या टाचण्या आडव्या झाल्या होत्या, पावलाखाली सापडलेल्या गवतासारख्या.

"पूर्वी टाचण्या प्रोसेसरला असायच्या," ती सुमितला म्हणाली. आवाज चढला नव्हता. "म्हणून उपटला तरी चालायचं. आता त्या खाली आहेत. हे तुला कसं माहीत असणार? तू पडद्याबाहेर होतास. मी काय करते ते फटीतून बघायचास आणि तेवढंच तुला येतं. तेही अर्धं."

"जास्त होतंय हां."

"माझ्या घरात, मी नको म्हटल्यावर, माझी मशीन उघडलीस. आणि फोनवर सांगतोस मी बांधतोय."

"अगं, गिऱ्हाइकाशी असंच बोलतात! त्याला काय सगळी कहाणी सांगू?"

"सांग. लाव फोन. श्रीपतशेठना सांग की ती मशीन माझ्या बहिणीने बांधली होती. आज पैसे नको, साडी नको. ओवाळणी म्हणून ताटात हेच घाल."

सुमितने संतोषकडे पाहिलं. संतोष रांगोळीकडे पाहत होता.

"ते माझं गिऱ्हाईक आहे," सुमित म्हणाला. "वीस वर्षांचं. आता हे सांगितलं तर माझी काय इज्जत राहते?"

"आणि माझी?"

त्याने खिशातून पाकीट काढलं आणि पाटाजवळ ठेवलं. "घे, आणि ओवाळ लवकर. मला पुढे सासुरवाडीला जायचंय."

छायाने पाकीट उचलून त्याच्या शर्टाच्या खिशात परत घातलं.

"पाटावरून ऊठ. जेवून जा. कोंबडी केलीय, वडे आहेत, पोटभर जेव. पण ओवाळणार नाही."

"अगं ए!" चंद्रभागाबाई ताट घेऊन दारात उभ्या होत्या. "पेटवलंय मी निरांजन. भाऊ हाय तो. असं करतं का कोणी?"

"देवापुढे ठेवा ते, आई. तिथं जळू दे."

सुमित उठला. जातो म्हणाला, गेला नाही. टेबलाशी बसून त्याने खाल्लं, मान खाली घालून, आणि रस्सा परत मागितलाही. छायाने त्याला वाढलं आणि मग त्याच्याकडे पाठ करून ती खिडकीपाशी बोर्ड घेऊन बसली. मणी ओवायची सुई काढली. एकेक टाचणी खालून उचलायची, शेजारच्या रांगेशी जुळवायची, सोडायची. राग बोटांत येऊ द्यायचा नाही, एवढंच ती करत होती. बाहेर अंगणात सुमितची गाडी सुरू झाली तेव्हाही तिने मान वळवली नाही.

"मी बॅटरी धरू का?" संतोषने विचारलं.

"धरा. बोलू नका."

त्याने मोबाईलचा उजेड धरला. थोड्या वेळाने न राहवून म्हणाला, "मला काय माहीत गं. तू कधी नीट सांगितलंच..."

छायाने सुई उचलून त्याच्याकडे पाहिलं.

"लग्नाच्या पहिल्या वर्षी सांगितलं," ती म्हणाली. "तुमचे कंपनीतले लोक जेवायला आले होते, तेव्हा त्यांच्यासमोर सांगितलं. तुम्ही हसलात. उजेड इकडे घ्या."

टाचण्या उभ्या राहिल्या. एक मोडली होती. प्रोसेसर ठेवला, कडी लावली, नवी पेस्ट लावली, कूलर बसवला. बटण दाबलं. पंखे, निळा दिवा, काळी स्क्रीन.

"काही दिसत नाही," संतोष म्हणाला.

"थांब म्हणली ना ती!" आतून चंद्रभागाबाई ओरडल्या. "मगाशी त्यानंबी हेच केलं."

ते थांबले. उन्हाचा पट्टा भिंतीवरून कपाटावर सरकला. मग स्क्रीनवर पांढरी अक्षरं उमटली. संतोषने टाळी वाजवली. छायाने वाचलं आणि दात आवळले. रॅमच्या दोन पट्ट्या लावल्या होत्या, मशीनला एकच दिसत होती. मोडलेल्या टाचणीने रॅमच्या एका खाचेचा रस्ता तोडला होता.

"चालू झाली ना पण?"

"अर्धी झाली."

तिने मशीन बंद केली, न दिसलेली पट्टी काढून शेजारच्या खाचेत घातली आणि पुन्हा बटण दाबलं. पुन्हा काळी स्क्रीन, पुन्हा पहिल्यापासून ओळख. या वेळात ती बसून राहिली नाही. मोबाईलवर कळंबच्या रिसॉर्टचा नंबर शोधला आणि लावला.

"श्रीपतशेठ? मी छाया बोलते. सुमितची बहीण. तुमची रिसेप्शनची मशीन मी बांधली होती."

"म्हणजे? सुमितनं दिलेली ती."

"त्याने आणून दिली. बांधली मी. तुमच्या माणसाला ती उघडायला सांगा. आत वायरी लाल लोकरीने बांधल्यात."

श्रीपतशेठ हसले. "आयला, ती लोकर! मागं पंखा बदलताना बघितली होती. आमी म्हणायचो, ह्याच्याकडं स्वेटर कोण विणतं?"

"मी विणते. नवी मशीन हवी असेल तर मी बांधून देईन."

"बरं बरं. सुमितला विचारून सांगतो मी."

छायाची पकड फोनवर घट्ट झाली. संतोष तिच्याकडे बघत होता, चंद्रभागाबाईही दारात आल्या होत्या.

"सुमितला विचारायचं असेल तर सुमितकडूनच घ्या," ती म्हणाली. "त्याला बांधता येत नाही. आज माझी मोडून गेलाय. मशीन कुणाकडून बांधून घ्यायची ते तुम्ही ठरवा, पण माझ्या कामासाठी त्याची परवानगी घेऊ नका."

"अगं बाय, चिडतीस कशाला?"

"मी चिडलेलीच आहे, शेठ. काम नीटच करते."

पलीकडे मागे कुणीतरी स्विमिंग पूलच्या मोटरबद्दल काहीतरी विचारत होतं.

"परवा ये," श्रीपतशेठ म्हणाले. "रिसेप्शन बघून जा. काय काय लागंल ते तूच सांग."

"येते."

तिने फोन ठेवला. स्क्रीन अजून काळीच होती. संतोषचा हात उचलला गेला, बहुधा कॅबिनेटकडे.

"हात मागे घ्या," छाया म्हणाली आणि खुर्ची ओढून मशीनसमोर बसली.