न दुखणारा पाय

"टोचली! टोक आत गेलं! हूं नाही की चूं नाही!"

बांधणीबाबांनी टाचणी उंच धरली आणि अख्खं सभागृह टाळ्यांनी दणाणलं. टाचणीच्या टोकाला रक्ताचा टिपूस नव्हता. व्यासपीठावर, पट्ट्यांनी आवळलेला पाय स्टुलावर टाकून बसलेले गृहस्थ म्हणजे माझे भावोजी.

"काल ओरडत होतास की नाही?"

"होतो, बाबा."

"मग वेदना गेली कुठं? आली माझ्या अंगात! मी सोसतोय, लेकरांनो, मी!" बाबांनी विव्हळून दाखवलं आणि लगेच सरबताचा घोट घेतला.

भावोजी रंगारी. शिडीवरून पडून त्यांचा घोटा मोडला होता. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी फोटो पाहून सांगितलं होतं, "आत धातूची पट्टी आणि स्क्रू बसवावे लागतील. पण आज नाही. सूज उतरू दे, कातडीला सुरकुत्या पडू देत. तोवर पाय उंच ठेवा."

हे थांबणंच ताईला सलत होतं. "एवढं शिकून हात लावायला घाबरतात!" बाबा घाबरत नव्हते. सुजलेल्या घोट्यावरच त्यांनी खळीत भिजवलेल्या पट्ट्या करकचून बांधल्या. त्या वाळत गेल्या, आवळत गेल्या. भावोजी रात्रभर उशी चावत होते. "वेदना बाहेर पडतेय," असा बाबांचा निरोप आला. सकाळी सगळं शांत झालं आणि ताईनं हात जोडले.

मी व्यासपीठावर चढून त्या पायाला हात लावला. फरशीसारखा गार. बोटं फुगून जांभळी पडलेली.

"भावोजी, अंगठा हलवा बघू."

त्यांनी दात आवळून जोर लावला. भुवया हलल्या, मान हलली. अंगठा हलला नाही. खाली टाळ्या चालूच होत्या.

"ताई, उठव त्यांना. इस्पितळात चल."

"गप्प बस रे! देवाधर्माचं काही मानत जा!"

"मानतो म्हणूनच सांगतोय. हे देवाचं काम नाही."

तेवढ्यात भावोजी हळूच म्हणाले, "अगं, मला तिथं पाय आहे असं वाटतच नाहीये." ताईनंच त्यांना काखेत धरून उठवलं.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी आधी पट्ट्या कापल्या. धडधाकट पायाच्या अंगठ्याचं नख दाबून सोडलं. लाली लगेच परतली. मग बांधलेल्या पायाचं दाबलं. ते पांढरंच राहिलं. आम्ही तिघं त्या नखाकडं बघत राहिलो.

"पण दुखणं तर थांबलं होतं," ताई पुटपुटली.

"थांबणारच. सूज आतून रेटत होती, पट्टी बाहेरून. रक्ताला वाट उरली नाही. नसा आधी ओरडल्या, मग मुक्या झाल्या. तिथं टाळ्या पडत होत्या ना, तेव्हा पाय मरत होता."

पाऊल वाचलं, दोन बोटं गेली. ती जखम भरेपर्यंत घोट्याचं ऑपरेशन लांबलं. आता घोटा अर्धाच वाकतो, हातात काठी आली आणि शिडी सुटली. वेळेवर ऑपरेशन झालं असतं तर पुन्हा शिडी चढायची बरीच आशा होती, असं बाई म्हणाल्या. ताई भावोजींचे ब्रश अजून धुऊन वाळत घालते. कुणी मागितले तर देत नाही.

तक्रार केली आहे. सभागृह मात्र अजून भरतं. परवा बाहेर लंगडणाऱ्यांची रांग होती, आणि आतून टाळ्या ऐकू येत होत्या.

मी कीर्तनात रमणारा माणूस. मांडी घालून बसलो की पाय असा बधिर होतो की चिमटा काढला तरी कळत नाही. त्याला मी कधी साक्षात्कार म्हटलं नाही. पाय पसरून चोळत बसलो. बाबांचा चमत्कार एवढाच आहे, फक्त तिथं पाय पसरायची सोय नाही.

तेव्हा बाबांनो, बायांनो, बांधलेल्या पायाची बोटं गार पडली, हलेनाशी झाली, दुखायची अचानक थांबली, तर नवस बोलत बसू नका. तडक इस्पितळ गाठा. देवाला हाक जरूर मारा. गाडीत बसल्यावर मारा, त्याला तिथूनही ऐकू जातं.