माझ्या कव्हरात दुसरीच

मी एक जुनी रेकॉर्ड आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून टाकते, मी जळकुकडी आहे. लोक मनातल्या मनात जळतात आणि वर गोड हसून दाखवतात. मला ते जमत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. काळा, गरम गोळा दोन साच्यांमध्ये दाबला, कडा कापल्या, मधोमध लाल लेबल, की झाले मी तयार. माझ्यात एक बाई गाते. त्या गाण्याला सोल म्हणतात. कोण ऐकतंय याची पर्वा न करता पोटातून गायचं, असं ते गाणं. एका बस चालवणाऱ्या तरुणाने मला विकत घेतलं. त्याच्या घरात दुसरी रेकॉर्ड नव्हती. मी एकटीच! नुसती मिरवत होते हो.

पुढे त्या तरुणाचं लग्न झालं, मुलगी झाली आणि घरात सगळे त्यांना बाबा म्हणू लागले. कामावरून आले की बूट काढायच्या आधी ते मला लावायचे. त्यांची मुलगी, म्हणजे आमची ताई, रांगायला लागली तेव्हा तिने प्लेअरला धक्का दिला आणि सुई माझ्या अंगावरून फर्रकन ओढली गेली. तेव्हापासून दुसऱ्या कडव्यात मी अडकते. एकच शब्द घोळवत बसते. बाबा न बघताच टेबलावर टिचकी मारायचे, आणि मी पुढे सरकायचे.

"तिला काही झालेलं नाही," आई म्हणायची. "तुमच्याकडून लाड करून घेते नुसते."

खोटं कशाला बोलू? घेतच होते.

ताई मोठी झाली, चष्म्याच्या दुकानात कामाला लागली आणि तिला रेकॉर्ड जमवायचा छंद जडला. नवा छंद लागलेल्या माणसाला थांबायचं कुठे ते कळत नाही. जुन्या वस्तूंच्या दुकानात सोलच्या रेकॉर्डचे गठ्ठे दोरीने बांधून ठेवलेले असायचे. एकेक मिळत नसे, घ्यायचा तर अख्खा गठ्ठा.

"वरची बघा, कशी चकाचक आहे," दुकानदार म्हणायचा. "पण दोरी सोडलीत की गठ्ठा तुमचा."

घरी येऊन ताई दोरी सोडायची. वरची आरशासारखी, खालच्या उन्हाने वाकलेल्या. एका कव्हरात रेकॉर्डच नव्हती. एकातून तर कोंबड्या कशा पाळाव्यात यावरचं भाषण निघालं. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

"अगं, आता आम्ही झोपायचं कुठे? कपाटावर?" आई विचारायची.

"आई, गठ्ठ्यात एक जरी चांगली निघाली ना, तरी वसूल!"

आणि त्या उपटसुंभ पाहुण्यांची काय बडदास्त! कोमट पाण्याने आंघोळ, मऊ फडकं, आत घालायला नवा पातळ कागद. मला मात्र साधं फडकंसुद्धा नाही. माझा नुसता तिळपापड व्हायचा.

मग एका सुट्टीच्या दिवशी गठ्ठ्यातून ती निघाली. तेच लाल लेबल, तीच बाई, तेच गाणं. हुबेहूब मीच, पण ओरखडा नसलेली. कव्हर तर असं कोरं की बघवेना.

"आई!" ताई ओरडलीच. "आपली रेकॉर्ड मिळाली! अगदी नवीकोरी!"

आपली? अगं बये, आपली मी होते ना!

जमवणाऱ्यांची एक रीत असते. एकच रेकॉर्ड दोनदा ठेवायची नाही, चांगली ठेवायची आणि दुसरी गठ्ठ्यात घालून दुकानात परत द्यायची. पण माझ्या कव्हरावर बाबांच्या कपाचा गोल डाग होता, आणि त्यांना तेच कव्हर ओळखीचं. म्हणून ताईने तिला माझ्या कव्हरात घातलं आणि मला तिच्या. मग मला गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवून दोरी आवळली, कारण कव्हर चकाचक होतं. ज्या कव्हरावर मी जळत होते, तेच अंगावर आलं, आणि मी दाराशी जाऊन बसले.

संध्याकाळी बाबा आले. ताईने तिला लावलं. काय वाजली मेली! एक खरखर नाही. मी श्वास रोखून दुसऱ्या कडव्याची वाट बघत होते. ते आलं आणि बाबांचं बोट आपोआप टेबलावर पडलं. टिचकी! अडकलेली नसतानाही ती बिचकून दोन ओळी पुढे उडाली.

"बाबा, टिचकी नका ना मारू! हिला लागत नाही ती."

बाबांनी हात मागे घेतला. कुठे ठेवावा ते त्यांना कळेना. शेवटी काखेत दाबून बसले.

"छान वाजते गं," ते म्हणाले. "आणि ती जुनी?"

"गठ्ठ्यात घातली. अडकायची ना सारखी. उद्या देऊन टाकते. आवडली ना ही?"

आईने बाबांकडे पाहिलं. मीही पाहत होते. नुसतं 'राहू दे तिला' एवढं म्हणायचं होतं हो! दोरीची गाठ सुटली असती. पण ताईचा चेहरा आनंदाने असा फुलला होता की बाबांचा शब्द तोंडातच राहिला.

"आवडली म्हणजे काय," ते म्हणाले. "तू आणलीस."

आता मी दुसऱ्या एका नवशिक्याच्या घरी आहे. त्याने वरचं कव्हर बघून गठ्ठा घेतला, मला एकदा लावलं, "फसलो की राव!" म्हणाला आणि भिंतीला टेकवून ठेवलं. मी अजून जळते. ती बाबांच्या घरी आहे ना!

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू बदलायची तर खुशाल बदला. पण जिची सवय ज्या माणसाला आहे, त्याला आधी विचारा. आणि तो 'छान आहे' म्हणाला तर लगेच विश्वास ठेवू नका. त्याच्या हातांकडे बघा.