स्टोअरची जागा

"आप क्रेन क्यों छोड़ना चाहते हैं?" मी साहेबासारखी खुर्चीत ताठ बसून विचारलं.

समोर बाबा. वर इस्त्रीचा शर्ट, खाली अजून लुंगीच. प्लांटच्या स्टोअरमध्ये एक जागा निघाली होती, फक्त आतल्या लोकांसाठी, आणि अकरा वाजता तिचा इंटरव्ह्यू होता. बेअरिंग, बोल्ट, वायररोप काढून द्यायचे. जमिनीवर, खुर्चीत बसून.

"साहब, मेरे घुटने..."

"बाबा!"

"हो, हो. विसरलो."

गुडघ्यांचं नाव काढायचं नव्हतं. क्रेनच्या केबिनपर्यंत लोखंडी शिडी चढावी लागे आणि वर्षभरापासून बाबांना ती झेपत नव्हती. पण साहेबांपुढे तसं कबूल केलं असतं, तर त्यांना मेडिकलला पाठवलं असतं. तिथे अनफिटचा शेरा बसला की क्रेनही गेली आणि स्टोअरही.

"मंग जागा कावून पायजे, हे सांगू तरी काय?"

"म्हणा, इतक्या वर्षांचा अनुभव स्टोअरच्या कामी येईल."

"हे तर तू बोलून राहिली, दामिनी. हा शालिकराम असा बोलते का कधी?"

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "बोलतेत कुठं हे! जिंदगीभर खालच्याच्या हाताच्या खुणा पाहून बोजे उचलले. साहेब तोंडानं बोलला तर समजणार हाय का याईले?"

बाबा मोठ्याने हसले. मग जरा गंभीर झाले. "नलू, भूपेंद्रनं बी अर्ज टाकला हाय. त्याचं तोंड तर चालूच रायते."

भूपेंद्रला क्रेन बाबांनीच शिकवली होती.

"तुमी त्याले शिकवालेच नोको होतं," आई म्हणाली. "अन् आता पँट घाला, नाही तर लुंगीवरच साहेब व्हाल."

पोहे खाऊन ते स्कूटरवर निघाले. बोरसीच्या वळणापर्यंत मी पाहत होते असं काही नाही. मला कपडे वाळत घालायचे होते.

त्या दिवशी त्यांची दुपारची पाळी होती. इंटरव्ह्यू देऊन ते परस्परच क्रेनवर चढले. संध्याकाळी खालून खुणा केल्या तरी क्रेन हलेना, म्हणून शेजारच्या क्रेनवरून उतरून भूपेंद्र धावत वर गेला. हार्ट अटॅक होता. हूक रिकामा होता.

तेरवी झाल्यावर मी लॉकरमधलं सामान आणायला गेले. डबा, गमछा, साबणाची वडी. भूपेंद्र मला शेडपर्यंत घेऊन गेला. माझ्या डोक्यावर हेल्मेट ठेवून त्याने ते नीट बसलंय का पाहिलं.

"इंटरव्ह्यूत काय सांगितलं त्यांनी?" मी विचारलं. घरी ते आलेच नव्हते, त्यामुळे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

"मी बाहेरच बसलो होतो, दरवाजा उघडा होता. साहेबानं विचारलं, क्रेन क्यों छोड़ रहे हो? तर काका बोलले, साहब, ऊपर से सबके सिर दिखते हैं, मुँह नहीं दिखता. अब थोड़ा मुँह देखना है."

मी डबा गमछ्यात गुंडाळला.

"मंग साहेब बोलले, तुमच्या क्रेनवर कोणाले बसवावं? काकांनी माह्यंच नाव घेतलं! मी बी त्याच जागेसाठी लाईनीत बसलो होतो न, ताई. आपण खाली उतराले मलेच वर टांगून दिलं बुढ्यानं." तो हसायला लागला आणि मध्येच त्याने तोंड फिरवलं. तसाच म्हणाला, "परवा रिझल्ट लागला. काकाच सिलेक्ट झाले होते."

शेडमध्ये पाळी बदलत होती. बाबांची क्रेन एका टोकाला उभी होती, पिवळी, काजळी धरलेली. केबिनची काच खालून अगदी लहान दिसत होती. इतक्या उंच चढायचं असतं, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. घरात त्यांना क्रेन सोडा असं कुणीच कधी म्हटलं नव्हतं. मनात रोज यायचं, पण त्यांना ते लागेल असं आम्ही धरून चाललो होतो. शेवटी अर्जसुद्धा त्यांनी आपणहूनच भरला.

मी मान वर केली.

"बाबा," मी म्हणाले, मोठ्याने, "उतरा न आता. लय झालं."