आधी कोणता खांदा

“आई, ते माळ काढ बाबाच्या हातातून. पास्टर येऊन राह्यले,” रवी म्हणाला.

मोतीबाईने नवऱ्याच्या मुठीतून जपमाळ सोडवली आणि आपल्या कमरेला खोवली. जगदेव नुसता बघत राहिला. केनवडमधल्या निम्म्या विहिरींवरचे पंप त्याने दुरुस्त केले होते. आता लकव्याने त्याची वाचा गेली होती आणि उजवा हात लाकडासारखा पडून होता.

“तुह्या बापाले टाळ्या-ढोलकी नाई सोसत रे. फादरले येऊ दे.”

“फादर आता कुठं अकोल्याहून निघाले. तवरोक बसून राहू काय? देव तर एकच हाय ना?”

“देव एकच हाय. पन तुह्या बापाचं त्याच्यासंग बोलनं हळू हाय.”

रवीचंही चुकत नव्हतं. बाप हातचा जात होता आणि त्याला येत होती त्या एकाच रीतीने तो देवाला हाक मारणार होता. एका घरात तीन तऱ्हा होत्या. जगदेव फादरांच्या चर्चचा, मोतीबाई जुन्या मिशनची, रवी टाळ्या-ढोलकीवर प्रार्थना करणाऱ्या नव्या मंडळीचा. नाताळच्या करंज्या मात्र तिघं एकाच ताटातून खात. आज मोतीबाईला कोणाची बाजू घ्यावी ते कळेना, आणि तिचं ऐकणारही कोणी नव्हतं.

मंडळी आली. ढोलकी वाजू लागली, बाजेभोवती हात उंचावले गेले. तेवढ्यात जगदेवचा डावा हात उजव्याला ओढू लागला. दोनदा ओढून थकला आणि खाली पडला.

मोतीबाई समजली. त्याला कपाळ, छाती आणि दोन्ही खांद्यांना हात लावून क्रूस करायचा होता, फादरांच्या चर्चमध्ये करतात तसा. तिने त्याचा उजवा हात उचलून कपाळाला लावला, मग छातीला. आणि ती थबकली. आता डावा खांदा, की उजवा?

लग्नापासून ती त्याच्या शेजारी प्रार्थनेला बसत आली होती. पण तिच्या मिशनमध्ये क्रूस करत नसत, डोळे मिटून प्रार्थना करायची रीत. तिने एकदाही डोळे उघडून पाहिलं नव्हतं.

“आधी कोनता खांदा, सांगा ना,” ती त्याच्या कानाशी म्हणाली.

जगदेव तिच्याकडे बघत होता. शेजारी रवी हुंदके देत मोठ्याने प्रार्थना करत होता. टाळ्या वाढत गेल्या. मोतीबाईने तो हात छातीवरच धरून ठेवला. हाताखालची छाती हलायची थांबली, तरी तिला तो हात कुठे न्यावा ते सुचलं नाही.