तीन गटांत पूर्ण गुण

“मनगट मुरगळलंय, सर. नाही जमायचं आज,” पल्लवी म्हणाली, आणि पट्टी बांधलेला हात तिने असा छातीशी धरला की देवालाही संशय आला नसता.

निमिष सरांनी कपाळाला हात लावला. साताऱ्यात चीअरलीडिंगची स्पर्धा, सांगलीहून आणलेल्या मोजून सोळा मुली आणि तासाभरात पुकारा! सोळा जणी उतरल्या तर चौघींचे चार गट एकाच वेळी उभे राहायला हवेत. तिघी खाली, एक वर. तीनच उभे राहिले की गुण कापलेच.

“पण पंधराच उतरल्या तर तीन गटांनाही पूर्ण गुण मिळतात ना, सर?” पल्लवीनेच सुचवलं. ती नियमावली तिने आठवडाभर घोकली होती.

मोडणार होता तो तिचाच गट. म्हणजे त्या गटात वर चढणाऱ्या ऋचाचा. आज विश्रामबागेतल्या बंगल्यात वाढलेल्या त्या परीने मागच्या रांगेत, जमिनीवर नाचायचं. नाच म्हणावं! दोन वर्षं पल्लवीने तिला तळहातांवर झेललं आणि टाळ्या मात्र हिला. कॉलेजच्या फलकावर ही हवेत दात काढून हसतेय आणि खाली पल्लवीचं मुंडकं फोटोतून छाटलेलं. माणसाने जळायचं नाही तर काय करायचं?

आता रडेल, मग रडेल म्हणून पल्लवी टपून बसली. ऋचा आली ती पाण्याची बाटली घेऊन.

“सर मला दुसऱ्या गटात वर चढवत होते. मी नाही म्हटलं. तुझ्याशिवाय भीती वाटते गं मला.”

पल्लवीच्या अंगाचा तिळपापड झाला. चांगुलपणातही हिचाच पहिला नंबर!

ती प्रेक्षकांत जाऊन बसली, तोच पाठीवर थाप पडली. मागे आई, साळूबाई. आटपाडीहून एकटी एसटीने आलेली.

“मेंढरं तुझ्या आबाच्या गळ्यात घातली नि आले. तू कवा चढणार गं?”

“मी चढत नाही, आई. खाली उभी राहून उचलते.”

“मग त्येच बघाय आले न्हवं का मी!”

पल्लवीच्या तोंडचं पाणी पळालं. “आज नाही गं मी. हात मुरगळलाय.”

संगीत सुरू झालं. तीन गट उभे राहिले, तिघी वर गेल्या, अलगद उतरल्या. ऋचा मागून जीव तोडून नाचली. पूर्ण गुण. पहिला नंबर. पल्लवीवाचून कुणाचं काही म्हणजे काही अडलं नाही. तिला वाटलं, मोठ्याने रडावं.

“बगू तो हात,” साळूबाई म्हणाली.

तिने पट्टी सोडली. कोकराचा पाय चाचपावा तसं मनगट चाचपलं, वाकवलं, अंगठ्याने दाबलं. जन्म मेंढरांत गेलेली बाई. मुरगळलेला सांधा तिच्या बोटांना कळायचा. पल्लवी कळवळायचंच विसरली. साळूबाईने मान वर करून लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. पल्लवीने खाली बघितलं.

पदकं गळ्यात घालून पंधरा जणी पायऱ्यांकडे धावत येत होत्या, सगळ्यांत पुढे ऋचा.

साळूबाईने घाईघाईने पट्टी पुन्हा गुंडाळली आणि घट्ट गाठ मारली.

“धर नीट छातीशी,” ती हळूच म्हणाली. “पोरी याय लागल्यात.”