फाटकापाशी डावीकडे

रिकाम्या खोगिरावरून पडणाऱ्याला कुठलंच तट्टू सावरत नाही. बटाटा सावरायचा.

बटाटा म्हणजे आमचं नवं तट्टू. रंगाने तसाच, अंगाने तसाच, आणि डोक्यानेही फार पुढे नाही. त्याला मी शिकवलं. आमच्या बाबांची एक पद्धत आहे: पोर खोगिरावर एका बाजूला कलंडलं, की तट्टानेच त्या बाजूला पाऊल टाकायचं आणि पोराच्या खाली यायचं. महिनाभर खोगिरावर वाळूची गोणी बांधायची, एकीकडे ओढायची, आणि तट्टू खाली सरकलं की गाजर. बटाट्याने चार वेळा माझ्या पायावर पाय दिला, गाजरं मात्र न चुकता खाल्ली. शिव्या घालून घालून माझा घसा बसला. पण एकदा शिकला तो असा पक्का, की मी हुरळून गेले.

मग एका सकाळी मी त्याला लांब दोरावर रिंगणात फिरवत होते. खोगीर रिकामं. फाटकापाशी आला आणि डावीकडे सरकला. हळूच, पाठ जपत, कान मागे वळवून. पुढच्या फेरीला पुन्हा तिथेच. माशी चावली असेल, म्हटलं. सातव्या फेरीला मी दोर खेचून त्याला थांबवलं.

कारण ती जागा मला ठाऊक होती. तीस वर्षांपूर्वी माझी धाकटी बहीण तिथेच डावीकडे पडली होती. सात वर्षांची. डोकं फाटकाच्या खांबावर आपटलं, ती उठलीच नाही. दोर माझ्या हातात होता, मी दहा वर्षांची. तेव्हाचं तट्टू तांबडं होतं. ‘ते बुजलं’, असं मी सांगितलं, आणि बाबांनी दुसऱ्याच दिवशी ते घालवून टाकलं. कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तेव्हापासून बाबा प्रत्येक तट्टाला सावरायला शिकवतात.

बटाटा माझ्या आठ वर्षांच्या मुलीसाठी होता. तिचा त्याच्यावर इतका जीव, की जेवतानासुद्धा त्याच्याच गोष्टी. पहिल्याच आठवड्यात ती दोनदा पडली. दोन्ही वेळा फाटकापाशी. बटाटा डावीकडे सरकला, ती उजवीकडे मातीत.

बाबा फाटकाला टेकून उभे होते. “दोनदा झालं. तिसऱ्यांदा पडली, तर हे तट्टू इथे राहायचं नाही.”

“आजोबा, त्याची काही चूक नाहीये,” मुलगी रडत म्हणाली. “तो तिला सावरतो.”

“तिला म्हणजे कोणाला गं?” मी विचारलं.

“माझ्या मागे बसते ना, तिला. कोणीतरी टक् करतं, मग ती कलंडते.”

“पुरे झालं तुझं,” मी खेकसले.

टक् म्हणजे जीभ टाळूला लावून काढलेला आवाज. तो ऐकला की तट्टू दुडक्या चालीने पळायला लागतं. म्हणून आमच्याकडे सक्त नियम: वरच्या पोराचे दोन्ही पाय रिकिबीत गेल्याशिवाय कोणी टक् करायचं नाही, गंमत म्हणूनसुद्धा नाही. त्या दिवशी धाकटीचा एक पाय रिकिबीतून निसटला होता. ती बाबांना हात करत होती, बाबा फाटकापाशी उभे राहून तिच्याकडे बघत होते, तिचं कौतुक करत होते. माझ्याकडे बघतच नव्हते. माझा नुसता जळफळाट झाला.

बाबांनी बजावल्यावर तिसऱ्या दिवशी मुलगी बटाट्यावर बसली तेव्हा मी तोंडात रुमाल कोंबला. हसू नका. आवाज माझ्याच तोंडातून निघत असेल, अशी मला भीती होती.

बटाटा फाटकाजवळ आला.

टक्.

माझ्या अगदी शेजारून. माझ्या कोपराच्या उंचीवरून, दहा वर्षांच्या पोरीचं तोंड जिथे येईल तिथून.

बटाटा झटक्याने पुढे झाला आणि डावीकडे सरकला. मुलगी उजवीकडे घसरली, आयाळीला लोंबकळली. मी रुमाल ओढून काढला आणि ओरडले, “बाबा, तांबडं बुजलं नव्हतं! तिचा पाय सुटला होता, आणि टक् मी केलं. मुद्दाम केलं!”

बटाटा जागीच थांबला. मुलगी कशीबशी पुन्हा वर बसली.

पाठीवरचं माणूस उतरलं की तट्टू अंग झाडतं. कोणी वर असताना झाडत नाही. बटाट्याने अंग झाडलं, मानेपासून शेपटीपर्यंत. मुलगी वरच होती, दोन्ही पाय रिकिबीत.

बाबांनी फाटकाची कडी काढली. एक लहान मूल जाईल एवढंच फाटक उघडलं, बाजूला झाले आणि खाली बघत थोडा वेळ थांबले. मग धाकटीच्या मागोमाग तेही गेले.

बटाटा आता सरळ जातो. मुलगी पडत नाही. बाबा माझ्याशी बोलत नाहीत, आणि त्यात त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही.

पण दोर हातात घेतला, की माझ्या कोपरापाशी कोणीतरी येऊन उभी राहते. आता टक् करत नाही. नुसती फाटकाकडे बघत असते, बाबा कधी आपल्याकडे बघतील म्हणून.